बॅलरॅटची काळी भिंत: जे परत आले त्यांचीही नावं कोरणारं युद्धकैद्यांचं स्मारक

यारेकाठची (धागाकर्ती)

सासू-सासरे दीड महिन्यासाठी साताऱ्याहून मेलबर्नला आले आहेत. पाहुणे आले की इथल्या मराठी घरांत बॅलरॅटची फेरी ठरलेलीच. दीड तास गाडी हाकायची, सॉव्हरिन हिलला ओढ्याच्या वाळूत सोनं चाळायचं, फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. आम्हीही तेच करणार होतो. पण दुपारी बाबांचे (सासऱ्यांचे) पाय भरून आले, म्हणून जरा बसायला वेंडुरी तळ्यावर गेलो. तळ्याला लागूनच बोटॅनिकल गार्डन आहे. थर्मासमधला चहा घेतला आणि पाय मोकळे करायला आत शिरलो. इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक नव्हतं की याच बागेत ऑस्ट्रेलियाच्या माजी युद्धकैद्यांचं राष्ट्रीय स्मारक आहे.

सुरुवातीला नुसती एक लांब, सरळ पायवाट दिसते. फरशीत मधूनमधून आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत. चार पावलं गेल्यावर लक्षात येतं की हे रेल्वेचे स्लीपर आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांकडून सयाम-ब्रह्मदेश (आजचे थायलंड-म्यानमार) रेल्वे बांधून घेतली, ती बांधताना मेलेल्यांची ही आठवण. वाटेच्या कडेने चकचकीत काळ्या ग्रॅनाइटची १३० मीटर लांब भिंत आहे आणि तिच्यावर नावं कोरली आहेत. बोअर युद्ध, पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध आणि कोरिया मिळून ३५,००० हून अधिक नावं. आडनावाच्या अकारविल्हे, पुढे नुसती आद्याक्षरं. हुद्दा कुणाचाच नाही. कर्नल आणि स्वयंपाकी एकाच अक्षरात आले तर एकाखाली एक.

पुढे पाण्यात बेसॉल्टचे उंच खांब उभे आहेत. ज्या ज्या देशांत हे लोक कैदेत होते त्यांची नावं त्यांवर आहेत. खांब मुद्दाम पाण्यात उभे केलेत, हात लावायला जाता येत नाही. सगळ्या छावण्या घरापासून दूर, समुद्रापलीकडे होत्या, म्हणून. त्यातला एक खांब आडवा पडलेला आहे. तो परत न आलेल्यांचा. शिल्पकार पीटर ब्लिझर्ड हे बॅलरॅटचेच. ६ फेब्रुवारी २००४ ला स्मारकाचं लोकार्पण झालं आणि २००८ साली त्याला राष्ट्रीय महत्त्वाचं लष्करी स्मारक म्हणून मान्यता मिळाली.

मी फोटो काढत होते. बाबा भिंतीशी उभे होते आणि त्यांनी एका नावावर बोट ठेवलं होतं. मला म्हणाले, "यातले किती जण मेले ग?" फलक वाचून सांगितलं की कैदेत साडेआठ हजारांच्या आसपास गेले. बाकीचे घरी आले. त्यांना वाटलं मी चुकीचं वाचलं. "म्हणजे जगले त्यांचीपण नावं लावलीत?"

हो, लावली आहेत. जो कैदेत पडला तो प्रत्येक जण या भिंतीवर आहे, मग तो तिकडेच पुरला गेला असो की १९४५ ला घरी येऊन पुढे चाळीस वर्षं दूध घालत जगला असो.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आबा मेले असते तर त्यांचं नाव कुठंतरी लागलं असतं."

आबा म्हणजे माझे आजेसासरे. मराठा पलटणीत होते, लिबियातल्या टोब्रुकला पकडले गेले आणि तीन वर्षं कैदेत होते, आधी इटलीत, मग जर्मनीत. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात एवढंच माहीत आहे की ते रात्री उशाशी भाकरीचा चतकोर ठेवून झोपायचे आणि सकाळी तो मोडून चहात घालून खायचे. दुष्काळातसुद्धा तो चतकोर चुकला नाही. भाकरीला कधीकधी 'पाने' म्हणायचे आणि पोरं हसायची. ते इटालियन आहे, 'पाने' म्हणजे पाव, हे बाबांना परवा मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. वयाच्या ७४ व्या वर्षी कळलं की आपले वडील काय म्हणत होते.

गावात त्यांना 'जेलातले आबा' म्हणायचे. युद्धातली कैद वेगळी असते हे गावाला कोण सांगणार? आबांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

धागा एवढ्यासाठीच काढलाय. अशी भिंत आपल्याकडे कुठे आहे का? लढता लढता पकडले गेले, जगले आणि परत आले, अशांची? तुमच्या घरात कुणी होतं का?

सह्याद्रीवारा

सकाळी ऑफिसच्या बसमध्ये वाचलं आणि स्टॉप चुकला. चतकोर भाकरीचं वाचून आमच्या शेजारचे एक आजोबा आठवले, ताटाबाहेर सांडलेलं शीत न् शीत वेचायचे. ते कुठे होते हे कधी विचारलंच नाही. ताई, साडेआठ हजार म्हणजे फारच झाले. एवढे कशाने?

यारेकाठची

बहुतेक सगळे जपानच्या कैदेत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २२,००० ऑस्ट्रेलियन जपानच्या हाती लागले आणि त्यातले ८,००० च्या वर मेले. तिघांतला एक. जर्मनी-इटलीच्या कैदेत पडलेल्या आठेक हजारांपैकी मात्र तीनशेहूनही कमी. उपासमार, कॉलरा, बेरीबेरी, पायाला झालेले आणि हाडापर्यंत गेलेले व्रण, आणि मार.

सयाम-ब्रह्मदेश रेल्वे ४१५ किलोमीटरची, वर्षभरात हातांनी खोदलेली. त्या छावण्यांतले सर्जन वेअरी डनलॉप यांचा पुतळा इथे मेलबर्नमध्ये आहे, मी रोज ट्राममधून बघते. आणि बोर्निओतलं संदाकान: जवळजवळ २,४०० ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश कैदी तिथे आणि तिथून रानावकडे चालवत नेताना मेले. सहा वाचले. सहाही ऑस्ट्रेलियन आणि सहाही पळून गेले म्हणून वाचले. भिंतीवर त्या सहांची नावं बाकीच्यांमध्येच आहेत, वेगळी खूण नाही. मला ते फार योग्य वाटलं.

निवृत्त_सुभेदार

सूनबाई, तुमच्या आजेसासऱ्यांची पलटण बहुधा दुसरी मराठा. आम्ही तिला काळी पाचवी म्हणतो. २० जून १९४२ च्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने टोब्रुकच्या आग्नेय बाजूने हल्ला चढवला, तिथे समोर हीच पलटण होती. आधी विमानांचा भडिमार, मग रणगाडे. शेजारी कॅमेरन हायलँडर्स आणि सातव्या गुरख्यांची पलटण, तिघींची मिळून अकरावी ब्रिगेड. दुसऱ्या दिवशी टोब्रुकच्या दक्षिण आफ्रिकन सेनापतीने किल्ला खाली केला. तीस हजारांवर लोक एका दिवसात कैद झाले.

बावीस-तेवीस वर्षांचा शिपाई. वरून हुकूम आला, हत्यार खाली ठेव. त्याने ठेवलं. हुकूम मानणं हाच त्याचा धर्म होता. त्यात त्या पोराचा दोष काय? मी २८ वर्षं नोकरी केली, पण कैदेतून आलेल्या जुन्या माणसांना रेजिमेंटच्या मेळाव्यात मागच्या ओळीत बसलेलं पाहिलंय. कुणी बसवत नसे, ते आपणहून बसत. आबांना माझा रामराम, एवढं बाबांना सांगा.

सडेतोड

भावना पोहोचल्या, तरी वेगळं मत मांडतो, राग नसावा. स्मारकावर नाव लागणं हा मान आहे आणि तो प्राण दिलेल्यांचा आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात पंचवीस हजारांवर नावं आहेत, सगळी धारातीर्थी पडलेल्यांची. त्यांच्या रांगेत परत आलेल्यांची नावं बसवली तर त्या बलिदानाची किंमत कमी होत नाही का? कैद्यांबद्दल सहानुभूती असावी. पण सहानुभूती आणि सन्मान एक नाहीत.

वाळवणाचीखाट

सडेतोड, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण प्राण दिलेल्यांना तरी आपण नावं दिली का, ते आधी बघा.

डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, मेसोपोटेमियातलं (आजचा इराक) कुट-अल-अमारा. वेढ्यात सापडलेला सहावा डिव्हिजन म्हणजे 'पूना डिव्हिजन'. त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी, शिवाय खडकीचे बॉम्बे सॅपर्स. १४७ दिवसांनी अन्न संपलं, घोडे-खेचरं मारून खाल्ली. आपल्यातल्या कित्येकांनी घोड्याचं मांस नाकारलं आणि ते आणखी खंगले. शरणागतीनंतर सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, त्यात दहाएक हजार हिंदी. उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत नेलं. पुढे रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. हजारो वाटेतच गेले. त्यांचा सेनापती टाउनशेंड तेव्हा इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहत होता.

आता बसऱ्याचं स्मारक. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या ४०,००० हून अधिक लोकांसाठी उभारलेलं. गोऱ्या शिपायाचं नाव भिंतीवर आहे. हिंदी अधिकाऱ्याचंही आहे. हिंदी शिपायाचं नाही. पलटणीचं नाव आणि पुढे "इतर इतके हिंदी सैनिक", असा नुसता आकडा. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

आपल्या खेड्यांतल्या चावडीवर किंवा शाळेवर संगमरवरी पाट्या असतात त्या आठवा. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके कामी आले. आकडेच. माझ्या आजोळची पाटी ४१ आणि ६ सांगते. ते ६ कोण होते हे आज गावात एकालाही सांगता येत नाही.

बॅलरॅटच्या भिंतीचं मोठेपण मला इथे दिसतं. आद्याक्षरं का होईनात, प्रत्येक माणूस वेगळा मोजलाय.

यारेकाठची

वाळवणाचीखाट, कुटचं वाचून अंगावर काटा आला, कारण त्याचा धागा याच भिंतीशी जुळतो. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचं एक छोटं विमानपथक मेसोपोटेमियात होतं. त्याचे काही मेकॅनिक कुटच्या वेढ्यात अडकले आणि कैदेत गेले. म्हणजे आपल्या मराठा शिपायांच्या शेजारी, तेच पीठ खात आणि त्याच वाटेने चालत. त्या मेकॅनिकांना इथे नाव आहे.

सडेतोड, बॅलरॅटमध्येच आणखी एक गोष्ट आहे. गावाच्या पश्चिमेला २२ किलोमीटर लांब झाडांची रांग आहे, अव्हेन्यू ऑफ ऑनर. १९१७ ते १९१९ मध्ये लुकास नावाच्या कपड्यांच्या कारखान्यातल्या मुलींनी पुढाकार घेऊन सुमारे ३,८०० झाडं लावली. बॅलरॅटमधून युद्धावर गेलेल्या प्रत्येकासाठी एक झाड. मेला त्याच्यासाठी आणि परत आला त्याच्यासाठीसुद्धा. झाडांचा क्रम हुद्द्याने नाही, भरती झाल्याच्या क्रमाने. त्यामुळे हुतात्म्यांचा मान कमी झाला असं या गावाला शंभर वर्षांत वाटलेलं नाही.

काजूबोंड

आमच्या रत्नागिरी-राजापूरच्या खलाशांना विसरू नका. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ब्रिटिश मालवाहू बोटी बुडवल्या किंवा पकडल्या, त्यांवरचे हिंदी खलाशी ब्रेमेनजवळच्या मिलाग नॉर्ड छावणीत ठेवले होते. हिंदी लोकांचा भाग वेगळा होता. सारंग, टंडेल, आगवाले (बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारे), तेलवाले, भंडारी. सैनिक नव्हतेच ते, पोटासाठी बोटीवर गेलेली माणसं.

माझ्या पणजीचा भाऊ आगवाला होता. तो परत आला तेव्हा घरात त्याचे दिवस घालून झाले होते. पणजी सांगायची, तो खळ्यात उभा राहिला तर घरातलं कुणी पुढे होईना. कुत्रा गेला आधी.

मोहरी_फोडणी (सिंगापूर)

इथे चांगीला युद्धकैद्यांचं संग्रहालय आहे, शाळेच्या सहली जातात. पण मराठी पाहुण्यांना मी आधी फेरर पार्कला नेते. आता तिथे एमआरटीचं स्टेशन आणि मैदान आहे. १७ फेब्रुवारी १९४२ ला याच जागी चाळीस हजारांच्या आसपास हिंदी सैनिकांना गोऱ्या सैनिकांपासून वेगळं करून जपान्यांच्या ताब्यात दिलं गेलं. पुढे काही आझाद हिंद सेनेत गेले, काहींनी नकार दिला. नकार दिलेल्यांतल्या हजारोंना बोटींच्या तळाशी कोंबून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनला मजुरीला पाठवलं.

ऑस्ट्रेलियाशी खरा धागा इथे आहे. १९४५ मध्ये त्या जंगलांतून जिवंत हिंदी कैद्यांना सोडवलं ते ऑस्ट्रेलियन सैनिकांनी. न्यू गिनीतल्या सेपिक नदीच्या भागात मोजकेच सापडले, त्यात चिंतसिंग नावाचे डोग्रा अधिकारी होते. त्यांचे दहा साथीदार घरी परतायला विमानात बसले आणि ते विमान कोसळलं. चिंतसिंग जपान्यांविरुद्धच्या खटल्यात साक्ष द्यायला मागे थांबले होते म्हणून वाचले. न्यू गिनीतल्या 'ले' गावच्या युद्ध-दफनभूमीत शेकडो हिंदी सैनिक आहेत.

सडेतोड

मोहरी_फोडणी यांनी मुद्दा आणलाच आहे तर विचारतो. उद्या आपण अशी भिंत बांधली, तर आझाद हिंद सेनेत गेलेल्यांचं काय? आणि ज्यांनी नेताजींच्या हाकेला नकार दिला त्यांचं? आपल्याकडे यावरून भांडणं होतील.

झाडांचं वाचलं. पहिल्या प्रतिसादातला माझा "किंमत कमी होते" हा शब्द मागे घेतो. ते मी विचार न करता लिहिलं.

वाळवणाचीखाट

दोघांचीही. दोघे १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूरच्या एकाच शरणागतीत कैद झाले. त्यानंतर उपाशीपोटी, तिसऱ्याच्या बंदुकीपुढे एकाने एक वाट धरली, दुसऱ्याने दुसरी. नकार देणाऱ्याला शिपाईपणाची शपथ मोडवेना, जाणाऱ्याला देश दिसला. अकारविल्हे लावा, म्हणजे कोण कुठे गेला हा प्रश्न भिंतीपुढे येणार नाही.

निवृत्त_सुभेदार

वाळवणाचीखाट यांच्याशी सहमत. माझे चुलते नकार देणाऱ्यांत, मामा जाणाऱ्यांत. दोघे आमच्या ओटीवर एका सतरंजीवर बसून पान खायचे.

तुळशीबाग_ते_तळजाई

१९७१ चंही बोलायला हवं. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन साथी ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निघाले आणि अफगाण सरहद्दीच्या अगदी तोंडाशी, लंडी कोतलला पकडले गेले. ही शौर्यकथा सगळ्यांना आवडते. पण त्याच युद्धात बेपत्ता झालेले फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आणि पन्नास वर्षं त्यांचा शोध घेत राहिलेल्या दमयंती तांबे, हे किती जणांना आठवतं? परत आलेला, मेलेला आणि बेपत्ता, अशा तीन ओळी लागतात. तिसऱ्या ओळीतल्या कुटुंबांना श्राद्धसुद्धा घालता येत नाही.

ओलेती_पायवाट

'जेलातले आबा' यावर अडकून राहिले. मराठीत 'कैदी' म्हटलं की चोर-दरोडेखोरच डोळ्यांपुढे येतो. १९७१ ला रेडिओवर 'युद्धबंदी' ऐकायचो, तो शब्द बातम्यांपुरताच राहिला, गावापर्यंत पोहोचला नाही. माझ्या माहेरी एक आजोबा इटलीत कैदेत होते, त्यांच्या सोयरिकीच्या वेळी मुलीकडच्यांनी विचारलं होतं, "गुन्हा काय होता?"

ऑस्ट्रेलियात तरी यांना आधीपासून मान होता का हो?

यारेकाठची

नव्हता, ओलेती_पायवाट. इथेही बरेच जण घरी येऊन गप्प राहिले. लढून जिंकलेल्यांपुढे आपलं काय सांगायचं, असं त्यांना वाटायचं. जपानच्या कैदेतून आलेल्यांना सरकारने २५,००० डॉलर दिले ते २००१ साली. छप्पन्न वर्षांनी, हयात होते त्यांना आणि विधवांना. भिंत त्यानंतर तीन वर्षांनी झाली. बहुतेकांना ती बघायला मिळालीच नाही.

बेळगावी_कुंदा

शोधायचं असेल त्यांच्यासाठी. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत, पण हिंदी नावांची स्पेलिंगं वाटेल तशी आहेत, चार-पाच प्रकारे शोधा. मेलेल्यांसाठी युद्धसमाधी आयोगाची यादी. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांसाठी घरातली ट्रंक आधी उघडा. डिस्चार्ज बुक, पदकांची डबी, पेन्शनचे कागद. त्यावर आर्मी नंबर मिळाला की बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला किंवा आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहिता येतं. नंबराशिवाय गेलात तर हात हलवत परत याल.

यारेकाठची

बेळगावी_कुंदा, तुमचा प्रतिसाद वाचून बाबांनी त्याच रात्री साताऱ्याला पुतण्याला फोन लावला. माळ्यावरची ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुक निघालं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नंबर शाबूत आहे. टोब्रुक, २१-६-४२ असं शाईने लिहिलंय. पलटण दुसरी मराठाच, सुभेदारकाका. तुमचा रामराम बाबांना सांगितला. ते उठून उभे राहिले.

काल त्यांना पुन्हा बॅलरॅटला घेऊन गेले, आग्रह त्यांचाच होता. या वेळी सॉव्हरिन हिल नाही, सरळ भिंतीकडे. पाऊस होता. इटलीचं नाव असलेला खांब मी दाखवला. त्यांनी खिशातून रुमालात बांधलेला भाकरीचा चतकोर काढला, घरून करून आणली होती आईंनी. पाण्याच्या कडेला ठेवला, हात जोडले आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, उचलून अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा मला दिला.

एक विनंती. नाव लिहायचं की नाही ते घरच्यांना विचारून ठरवा. पण गाव, पलटण किंवा बोट, कुठे पकडले गेले आणि परत आले का, एवढं तरी इथे लिहाल? मी सुरुवात करते.

खटाव तालुका. दुसरी मराठा. टोब्रुक. परत आले.

काजूबोंड

राजापूर तालुका. बोटीवर आगवाला. मिलाग नॉर्ड. परत आले.

निवृत्त_सुभेदार

पाटण तालुका. दोघे. सिंगापूर. दोघेही परत आले.

ओलेती_पायवाट

जावळी. मराठा. इटली. परत आले. लग्न दुसऱ्या घरी झालं, सुखाचं झालं.

सडेतोड

काल रात्री वडिलांशी बोललो. माझ्या पणजोबांबद्दल आमच्या घरात "मेसोपोटेमियात गेले" एवढंच म्हणतात. ११० मराठा. कुट. परत आले नाहीत. गाव वाई तालुक्यात, शाळेच्या भिंतीवर पाटी आहे, आकड्याची. सुट्टीत गेलो की बघून येतो.